मीटरच्या पुढची वायर कोणाची?



मिरच्या वाळायला लागल्या की गटागटांतून कांडप यंत्राचा विषय निघतो. यंत्राला कर्ज मिळतं, अनुदानाची चौकशी होते, पण विजेचं काम मात्र ‘बघू, कुणीतरी करून देईल’ यावर सोडलं जातं. आम्हीही तेच केलं होतं, म्हणून आज त्यावरच बोलतो.

आमच्या गटाचं यंत्र तीन हॉर्सपॉवरचं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे तीनचे सव्वादोन हजार वॅट झाले. एका ताईंच्या पडवीत ते बसवलं आणि घरच्याच मीटरवर जोडलं. घरातली वायर दोन बल्ब, एक पंखा आणि टीव्हीपुरती टाकलेली. काम गावातल्या एका मुलाने केलं. पोरगा हुशार, मोबाइलपासून मोटारीपर्यंत सगळं उघडतो. त्याने नवा बोर्ड बसवला, त्याला तीन भोकंही होती, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. आम्हाला कुठे ठाऊक?

दुसऱ्याच आठवड्यात ताईंच्या जाऊबाईंनी ओल्या हाताने मिरची टाकायच्या तोंडाला हात लावला आणि त्या मागे फेकल्या गेल्या. मागे मिरचीची पोती होती म्हणून डोकं वाचलं.

झालं होतं ते असं. यंत्राच्या आत एका वायरचं आवरण घासून निघालं आणि पत्र्यात वीज उतरली. ते मोठं भोक अर्थिंगचं असतं. तिथून हिरवी वायर जमिनीत पुरलेल्या अर्थिंगपर्यंत गेली असती, तर विजेला जमिनीची वाट मिळाली असती. तशी वाट नव्हती, म्हणून तिने जाऊबाईंच्या अंगातून वाट काढली.

त्यानंतर आम्ही महावितरणच्या कार्यालयात गेलो. तिथे पहिलीच गोष्ट कळली ती ही, की खांबापासून मीटरपर्यंतची जबाबदारी त्यांची आणि मीटरच्या पुढची आपली. गावात येणाऱ्या लाइनमनला आपण वायरमन म्हणतो आणि वाटतं की घरातलंही तोच बघेल. ते त्याचं काम नाही. ग्रामपंचायतीचंही नाही. ग्रामपंचायत घराचा उतारा देते, वायरिंग तपासायला कुणी येत नाही.

मग तपासतं कोण? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, ते सगळ्या देशाला लागू. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायचा तर कुणीही बदलावा. पण नवं वायरिंग, वाढीव वायरिंग किंवा मोठी दुरुस्ती शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायची. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना हवा आणि देखरेखीला प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा. आयटीआय शिकलेला मुलगा असला तरी परवाना वेगळा असतो, तो मागून बघावा. मागायला लाजू नका. आपण बँकेत अंगठ्यापासून आधारपर्यंत सगळं दाखवतोच की.

काम झाल्यावर ठेकेदार टेस्ट रिपोर्ट देतो. नवी जोडणी किंवा वाढीव भार हवा असेल तेव्हा तो अर्जाला जोडावा लागतो. एखादी जोडणी सहा महिन्यांहून जास्त बंद राहिली असेल, तर पुन्हा सुरू करण्याआधीही तपासणी लागते. माहेरचं बंद घर उघडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

आता खरी मेख इथे आहे. हा कागद काही ठिकाणी घर न बघताच मिळतो. पैसे दिले की सही आणि शिक्का. आम्हालाही एकाने तसंच सुचवलं, ‘ताई, कशाला हेलपाटे?’ आमच्यातल्या दोघी-तिघींना ते पटलंही होतं, खोटं कशाला सांगू. जाऊबाई मात्र हटून बसल्या. मग आम्ही दुसरा ठेकेदार शोधला आणि तपासणीच्या वेळी चौघी तिथे उभ्या राहिलो.

त्याने मेगर नावाचं यंत्र आणलं. ते वायरमध्ये ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देतं आणि आवरणातून वीज गळते का ते दाखवतं. काटा किमान एक मेगाओहम दाखवायला हवा. पडवीतल्या जुन्या वायरवर तो जवळपास शून्याला टेकला. ती सगळी वायर काढून टाकावी लागली. यंत्राला वेगळी जाड वायर आली, अर्थिंगचा खड्डा झाला, त्यात कोळसा आणि मीठ घातलं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं, ते काम आम्ही पाळीने वाटून घेतलंय. मीटरजवळ आरसीसीबी बसवला. ३० मिलिअँपियर इतकी बारीक गळती झाली तरी तो क्षणात वीज तोडतो. त्यावर एक छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. खटका पडला म्हणजे तो जिवंत आहे. खर्च वाढला हे खरं, एका महिन्याची बचत त्यात गेली.

मीटरचंही बोलायला हवं. मंजूर भारापेक्षा जास्त भार ओढला किंवा घरगुती जोडणी दुसऱ्याच कामाला वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. घराच्या एका भागात चालणाऱ्या छोट्या व्यवसायाला सवलत असते, पण त्याला युनिटची मर्यादा आहे. यंत्र आणण्याआधी कार्यालयात जाऊन आपल्याला कोणता दर लागतो ते विचारा आणि भार वाढवून घ्या.

आणि अपघात झालाच तर? आधी मुख्य स्विच बंद, मग माणसाला हात. तक्रारीला १९१२ क्रमांक आहे. कुणाचा जीव गेला किंवा इजा झाली, तर त्याची खबर विद्युत निरीक्षकाकडे जाते आणि चौकशी होते. वायरिंग कोणी केलं, परवाना होता का, रिपोर्ट खरा होता का, हे तेव्हा विचारलं जातं. गटाचं यंत्र असेल तर उत्तर गटाला द्यावं लागतं.

आमच्या टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स ठराववहीत लावलेली आहे. त्यात परवाना क्रमांक, भार आणि मेगरचं माप कुठे लिहितात ते बघायचं असेल, तर बैठकीच्या दिवशी या. यंत्रही चालू असतं, मिरची घेऊनच या.