जिल्हा परिषदेच्या शाळा खरोखरच नापास झाल्या आहेत काय?

‘जिल्हा परिषदेच्या शाळेत आता काही उरले नाही,’ हे वाक्य कुर्डुवाडी परिसरात, आपल्या धर्मग्रामांतील पालकांच्या तोंडूनही, इतक्या सहजपणे ऐकू येते की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. वास्तविक याच माढा तालुक्यातील परितेवाडी या लहानशा गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. एका शिक्षकावरून साऱ्या व्यवस्थेची पारख करू नये, हे मान्य. मग एका गळक्या वर्गखोलीवरूनही ती करू नये.

‘असर’ ही ग्रामीण भारताची पाहणी सरकारी शाळांविरुद्ध पुरावा म्हणून नेहमी पुढे केली जाते. २०२२ साली सरकारी शाळांतील तिसरीच्या केवळ १६.३ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. ही स्थिती चिंताजनकच होती. परंतु २०२४ मध्ये हे प्रमाण २३.४ टक्के झाले, म्हणजे करोनापूर्व २०१८ च्या २०.९ टक्क्यांहूनही अधिक. त्याच वर्षी खाजगी शाळांत ते ३५.५ टक्के होते. २०१८ च्या ४०.६ टक्क्यांपर्यंत त्या अद्याप पोहोचलेल्या नाहीत. फी भरूनही तीनपैकी जवळजवळ दोन मुलांना वाचता येत नाही, याची चर्चा मात्र कोणी करीत नाही!

उरलेल्या अंतराचे श्रेय तरी शाळेचे किती? खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलाचे आईवडील बहुधा शिकलेले असतात, शिकवणीही लावतात. आंध्र प्रदेशात सोडत काढून काही गरीब मुलांना खाजगी शाळेत पाठविण्यात आले. चार वर्षांनंतर तेलुगू व गणित या विषयांत सरकारी शाळेत राहिलेल्या मुलांहून ती सरस ठरली नाहीत. हिंदीत मात्र पुढे गेली. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, खाजगी शाळांनी हे काम पुष्कळ कमी खर्चात केले. त्याचे मोठे कारण तेथील शिक्षकांचे तुटपुंजे वेतन होय.

तेव्हा ‘नापास’ या शिक्क्याचा लाभ कोणाला? पहिला लाभ अर्थातच फी घेणाऱ्यांना. दुसरा, काहीसा अप्रत्यक्ष, शासनाच्या तिजोरीला. शाळेची बदनामी झाली की पट घसरतो आणि पट घसरला की तेच शाळा बंद करण्याचे कारण ठरते. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला होता. वाडीवरची शाळा बंद झाली की मुलगा सायकलवर टांग टाकून पुढच्या गावी जातो. मुलीचे शिक्षण मात्र पुष्कळदा तेथेच थांबते.

विसंगती पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच शासनाने असा नियम केला की, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला गरिबांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याचे बंधन नाही. म्हणजे गरिबासाठी तीच शाळा पुरेशी! मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा नियम रद्द केला.

या प्रश्नात आपणही त्रयस्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. त्यामुळे आपल्या कॉन्व्हेंट शाळांवर या २५ टक्के जागांचे बंधन नाही. ज्या दारिद्र्यातील मुलांसाठी मिशनरींनी शाळा काढल्या, ती मुले आज आपल्या वर्गांत किती आहेत, हे प्रत्येक व्यवस्थापनाने स्वतः मोजून पाहावे.

ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, त्यांच्या हाती एक अधिकार आहे. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे आवश्यक आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे या समितीचे काम आहे. शाळेची समिती कोणाची आहे आणि तिची पुढील बैठक केव्हा आहे, हे मुख्याध्यापकांना विचारता येते.