संगणकाची मराठी कोण लिहितो?

बेलापूरच्या कचेरीत आकडेमोड करणाऱ्या आम्हा कारकुनांना वाटते, संगणकाची कार्यप्रणाली हा इंजिनिअरांचाच प्रांत. वाचकहो, तसे नाही. इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली डेबियन सुरू केली. जगभरचे स्वयंसेवक ती घडवतात. कुणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी. सी-डॅकची भारतीय 'बॉस' प्रणाली तिच्यावरच उभी आहे.

डेबियन बसवताना मराठी निवडता येते, कारण कुणीतरी एकेक वाक्य मराठीत आणले. हे काम आपल्या बी.कॉम. झालेल्या मुलामुलींनाही जमेल. शब्द चुकीचा दिसला, तर कुठे, कोणत्या आवृत्तीत, ते नेमके लिहून कळवायचे. पदवीचा दाखला कुणी मागत नाही. दुरुस्ती मात्र तपासूनच घेतात. पत्र इंग्रजीत लिहायचे, त्याचीच आमच्या पोरांना धास्ती. दोन ओळी लिहायला बसवा त्यांना.