गच्चीवरील सूर्यवेध

महानगरातील दिव्यांनी रात्रीचे आकाश हिरावून घेतले, ही तक्रार आता जुनी झाली आहे. ज्या बेंगळुरूत भारतीय ताराभौतिकी संस्थेचे मुख्यालय आहे आणि १९८९ पासून जवाहरलाल नेहरू तारांगण आहे, त्या शहरातही घराच्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. तथापि एक तारा असा आहे की, त्याला रस्त्यावरच्या दिव्यांचे भय नाही. तो तारा म्हणजे सूर्य. शहरात राहणाऱ्या हौशी निरीक्षकाला ज्याचा अभ्यास घरबसल्या करता येईल, असा हाच एक तारा उरला आहे.

या शहराला सूर्याकडे पाहण्याची सवय तशी नवी नाही. गविपुरम येथील गवी गंगाधरेश्वराच्या गुहामंदिरात मकरसंक्रांतीच्या सुमारास मावळतीचे किरण आतील शिवलिंगापर्यंत पोहोचतात आणि ते पाहण्यास गर्दी लोटते. मात्र वर्षातून एकदा पाहणे वेगळे आणि रोज पाहणे वेगळे.

रोज पाहण्याने काय साधते, याची साक्ष इतिहास देतो. जर्मनीतील देसाऊ गावचा हाइनरिख श्वाबे हा व्यवसायाने औषधविक्रेता. बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह असावा, या आशेने त्याने १८२६ मध्ये सूर्यबिंबावरील डाग टिपण्यास आरंभ केला. ग्रह मिळाला नाही. परंतु सतरा वर्षांच्या नोंदींतून डागांची संख्या ठरावीक कालाने वाढते व घटते, हे त्याच्या ध्यानी आले. आज ते सुमारे अकरा वर्षांचे सौरचक्र म्हणून ओळखले जाते. इंग्लंडातील रिचर्ड कॅरिंग्टन याने रेडहिल येथे स्वतःच्या घरी वेधशाळा बांधली होती. १ सप्टेंबर १८५९ रोजी डागांचे चित्र काढीत असता त्याला सूर्यावर एकाएकी प्रखर झळाळी दिसली. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले, अनेक देशांतील तारायंत्रे बिघडली आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापकाने त्या वादळाची नोंद केली. एकाची खाजगी वेधशाळा आणि सहस्रावधी मैलांवरची एक सरकारी नोंदवही, या दोहोंनी मिळून सूर्य व पृथ्वी यांच्या नात्याचा धागा हाती दिला.

परंतु या छंदात पहिला धडा सावधपणाचा आहे. डोळ्यातील दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. त्यामुळे ते भाजले तरी पाहणाऱ्यास त्या क्षणी कळत नाही, आणि गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म, रंगीत चष्मे ही सारी साधने त्याज्य होत. डोळ्याजवळच्या भिंगावर बसवायच्या गडद काचा तर विशेष घातक, कारण एकवटलेल्या उष्णतेने त्या तडकतात. गाळणी दुर्बिणीच्या तोंडाशी, घट्ट बसवलेली व छिद्ररहित असावी, आणि तिने प्रकाशाच्या एक लाख भागांपैकी केवळ एकच भाग आत सोडावा. मुख्य दुर्बिणीला जोडलेली लहान शोधक दुर्बीणही झाकण्यास विसरू नये. लहान भिंगाच्या दुर्बिणीने बिंब पांढऱ्या कागदावर पाडणे हा जुना मार्गही चांगला. मात्र मुलांना तेथे एकटे सोडू नये.

छायाचित्राचे गणित सोपे आहे. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापते. म्हणून एक मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत त्याची प्रतिमा साधारण नऊ मिलिमीटर व्यासाची पडते. खरी अडचण वातावरणाची. तापलेली हवा थरथरते आणि प्रतिमा वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी हलते. यास्तव एकच चित्र न घेता कॅमेऱ्याने काही सेकंदांत शेकडो चित्रे घेतात, त्यांतील स्थिर तेवढी निवडतात आणि संगणकाने ती एकमेकांवर जुळवतात. हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाखेरीज बाकी सारा प्रकाश अडविणारी विशेष गाळणी वापरली, तर बिंबाच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालाही दिसतात. मात्र ती महाग असते, आणि आरंभ साध्या गाळणीनेच करावा.

घरच्या वेधशाळेस घुमट हवाच असे नाही. रुळांवरून सरकणारे छप्पर पुरेसे होते. महत्त्व आहे ते दुर्बिणीच्या खांबाला. तो इमारतीच्या स्तंभावर अथवा तुळईवर उभारावा आणि भोवतीच्या पायफरशीपासून अलग ठेवावा, म्हणजे माणसांच्या वावराने प्रतिमा हादरत नाही. बेंगळुरू विषुववृत्ताच्या उत्तरेस तेरा अंशांवर असल्याने दुर्बिणीचा ध्रुवाक्ष क्षितिजापासून तेरा अंशच वर उचलावा लागतो. इतका खाली असलेला ध्रुवतारा उंच घरांआड सहज लपतो. तेव्हा होकायंत्राने दिशा धरून बिंब किती सरकते हे पाहत अक्ष सुधारावा. गच्चीचे सिमेंट तापण्यापूर्वीची सकाळ सर्वांत चांगली. नैर्ऋत्य मोसमी पावसाचे ढग महिनोन् महिने आड येतात, ही गोष्ट आधीच गृहीत धरावी.

आता कोणी विचारील की, २०२३ मध्ये सोडलेले आदित्य-एल१ यान पंधरा लाख किलोमीटरांवरून अखंड सूर्य पाहत असता गच्चीवरच्या दुर्बिणीचा उपयोग काय? कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत. त्यांचे मोल एखाद्या चित्राच्या सौंदर्यात नसून शतकाहून लांब अशा मालिकेत आहे. मालिका चालवणे घरच्या निरीक्षकालाही शक्य आहे. डागांच्या समूहांची संख्या दहाने गुणावी आणि तीत सुटे सारे डाग मोजून मिळवावेत. तीन समूह व चौदा डाग असल्यास अंक चव्वेचाळीस येतो. ब्रुसेल्स येथील केंद्र जगातील निरीक्षकांच्या अशा गणना एकत्र करून सूर्यडागांचा आंतरराष्ट्रीय अंक ठरवते, आणि त्यांत हौशी निरीक्षकांचाही वाटा असतो. यान आपल्या आयुष्याच्या अवधीत मावेल तेवढेच पाहील. सौरचक्र मात्र अकरा वर्षांचे आहे, आणि एका पिढीची वही दुसऱ्या पिढीने पुढे चालवली, तरच त्याची अनेक आवर्तने ताडून पाहता येतील. रोज सकाळी पाच मिनिटे, तारीख, वेळ, हवेची स्थिती आणि एक अंक, एवढेच या व्रताचे विधान आहे.