नाव बुडत नाही, उलटते

लाकूड पाण्यावर तरंगते हे तुम्हांस लहानपणापासून ठाऊक आहे. मग लाकडाची नाव बुडते कशी? वर्तमानपत्रांत ‘नाव बुडाली’ असा मथळा येतो, पण अशी नाव पुष्कळदा प्रवाहाच्या खालच्या अंगाला पालथी तरंगत असलेली सापडते. नाव बुडालेली नसते, उलटलेली असते. बुडतात ती माणसे. हा फरक शब्दांचा खेळ नाही. नावेत बसण्यापूर्वी कोणती तयारी करायची आणि नाव उलटल्यावर काय करायचे, हे सारे त्याच्यावरच अवलंबून आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत नद्यांना तोटा नाही. १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. आज बऱ्याच लांबीपर्यंत वैनगंगा हीच त्यांची सीमा आहे. चपराळ्याजवळ वर्धा नदी तिला मिळते व पुढे तिचे नाव प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. तिकडे भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. अनेक ठिकाणी पूल झाले. पण पैलतीरावरचे शेत समोर दिसत असते आणि पुलावरून जायचे तर मोठा फेरा पडतो. मग घाटावरचा डोंगाच जवळचा वाटतो. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथून मिरची तोडण्याच्या कामासाठी वैनगंगेपलीकडे निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव उलटली आणि सहा जणींचा अंत झाला. महिना जानेवारीचा होता, हे लक्षात ठेवा. पूर नव्हता, पावसाळा नव्हता.

आता थोडे गणित करू. सोयीसाठी नाव पेटीच्या आकाराची धरू : लांबी ५ मीटर, रुंदी ७० सेंटिमीटर, बाजूंची उंची ३५ सेंटिमीटर, वजन २०० किलो. तळाचे क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर. म्हणजे नाव पाण्यात १ सेंटिमीटर आणखी खाली गेली की ३५ लिटर, अर्थात ३५ किलो पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तेवढेच जादा वजन ती पेलते. नावाडी धरून आठ माणसे, प्रत्येकी ५० किलोची, बसली तर एकूण वजन ६०० किलो होते आणि नाव सुमारे १७ सेंटिमीटर पाण्यात जाते. कड पाण्याच्या वर १८ सेंटिमीटर उरते. हे पाहून कोणीही म्हणेल, “अजून चारजण सहज मावतील!” घाटावर नेमके हेच म्हटले जाते. पण ‘मावणे’ निराळे आणि ‘तोलणे’ निराळे.

नाव किंचित कलली की पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो. ज्या बाजूला ती कलते त्या बाजूला जास्त पाणी सारले जाते, म्हणून पाण्याचा वर ढकलणारा रेटा, म्हणजे प्लावक बल, त्या बाजूस सरकते आणि नावेला पुन्हा सरळ करू पाहते. या बलाची उभी रेषा नावेच्या मधल्या रेषेला जिथे छेदते त्या बिंदूला इंग्रजी पुस्तकांत मेटासेंटर म्हणतात. आपण त्याला तोलबिंदू म्हणू. नाव आणि माणसे मिळून जो गुरुत्वमध्य होतो, तो तोलबिंदूच्या खाली असेपर्यंत नाव कलली तरी सावरते. तो वर गेला की हलकासा धक्काही तिला पाडायला पुरतो. प्येर बूगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे मांडले. गंमत अशी, की त्याचे बरेचसे लेखन त्याने समुद्रावर नव्हे तर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात केले. तेथे तो पृथ्वीचा आकार मोजण्याच्या मोहिमेवर गेला होता.

पेटीसारख्या नावेत तोलबिंदूची तळापासूनची उंची काढणे सोपे आहे. रुंदीच्या वर्गाला, नाव जितकी पाण्यात गेली त्या खोलीच्या बारा पटीने भागा आणि त्यात खोलीचा निम्मा मिळवा. आपल्या नावेत ही उंची साधारण ३२ सेंटिमीटर येते. आता गुरुत्वमध्य पाहू. तळाशी मांडी घालून बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य तळापासून सुमारे २५ सेंटिमीटर धरू, उभ्या माणसाचा ८५ आणि नावेचा स्वतःचा १२. आठही जण खाली बसले तर सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे २१ सेंटिमीटरवर येतो. तोलबिंदू त्याच्या वर ११ सेंटिमीटर आहे. ठीक.

पण नावाडी बसून कसा चालेल? त्याला बांबू रेटायला उभे राहावे लागते. तो एकटा उभा राहिला की गुरुत्वमध्य जवळजवळ २६ वर चढतो. शिल्लक उरली ६ सेंटिमीटरची. आणखी एकजण उभा राहिला तर गुरुत्वमध्य ३१ वर. तिसरा उभा राहिला तर ३६ वर, म्हणजे तोलबिंदूच्याही वर. वजन एका किलोनेही वाढलेले नाही, पाणी शांत आहे, वारा नाही, तरीही नाव उलटते. आठांपैकी फक्त तिघे उभे राहिल्याने. हे आकडे माझ्या काल्पनिक पेटीचे आहेत. खऱ्या डोंग्याचा तळ गोलसर असतो, त्याचे आकडे वेगळे येतील. तर्क मात्र हाच राहील. म्हणूनच जाणता ढिवर नावाडी पाहुण्यांवर खेकसतो, “बसा खाली!” त्याने बूगेचे नावही ऐकलेले नसते, पण त्याच्या तळपायांना तोलबिंदू कळतो. त्याच्या खेकसण्याचा राग मानू नये.

फळी आडवी टाकून तिच्यावर बसणे आरामाचे असते, परंतु माणसांचा गुरुत्वमध्य त्या उंचीने वर जातो. उंच कडेच्या रुंद होडीत ते चालते, अरुंद डोंग्यात नाही. तांदळाचे पोते तळाशी आडवे ठेवा, उभे नको. मोटारसायकल वा सायकल न्यायची असेल तर दोन नावा आडव्या बांबूंनी एकमेकींना घट्ट जोडाव्यात. वरच्या सूत्रात रुंदीचा वर्ग आहे हे आठवा, म्हणजे अशी जोडनाव सहसा का उलटत नाही हे उमगेल.

आणखी एक शत्रू आत येऊन बसतो. नावेच्या तळाशी तीन सेंटिमीटर पाणी साचले तर आपण त्याला क्षुल्लक समजतो. पण साडेतीन चौरस मीटर तळावर ते १०५ किलो भरते, म्हणजे न दिसणारी दोन माणसे. शिवाय ही माणसे जागेवर बसत नाहीत. नाव डावीकडे कलली की सारे पाणी डावीकडे धावते व कल वाढवते. परातीत पाणी घेऊन अंगणातून चालून पाहा. तेवढेच वजन परातीत दगडांचे असेल तर हात डगमगत नाहीत. पाणी असेल तर ते हिंदकळून अंगावर येते. तेव्हा पाणी उपसायचा डबा नावेत हवाच, आणि तो दोरीने नावेला बांधलेला हवा. गरज पडते तेव्हा सुटा डबा नेमका तरंगत दूर गेलेला असतो.

तयारीची मुख्य वस्तू अर्थातच जीवरक्षक जाकीट. त्याचे काम किती सोपे आहे पाहा. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. फुप्फुसे भरलेली असताना तो जेमतेम तरंगतो, पण नाकतोंड वर राहीलच असे नाही. चार-पाच किलो वजनाचे डोके पाण्याबाहेर ठेवायला तेवढाच जादा आधार लागतो. जाकिटे ५०, १००, १५० न्यूटन अशा आधाराची मिळतात; १०० न्यूटन म्हणजे सुमारे १० किलोचा आधार. पूर्वी आपल्याकडे पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधत, तो याच तत्त्वावर. जाकीट नसेल तेथे झाकण घट्ट लावलेला १० लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबाही जवळपास १० किलोचा आधार देतो. मात्र त्याला दोरीचा फास हवा. ओल्या हातातून गुळगुळीत डबा निसटतो आणि बेशुद्ध माणसाचे तोंड तो वर धरत नाही. डबा जाकिटाची बरोबरी करीत नाही. आणि जाकीट नावेत कोपऱ्यात ठेवण्यासाठी नसते, चढण्यापूर्वी अंगात घालून पट्टे आवळण्यासाठी असते. पाण्यात पडल्यावर ते घालणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जाते.

समजा, नाव उलटली. पहिला मोह होतो तो तीराकडे पोहत सुटण्याचा, कारण तीर जवळ दिसतो. नदी ३०० मीटर रुंद आहे, तुम्ही सेकंदाला अर्धा मीटर पोहता आणि प्रवाह सेकंदाला १ मीटर आहे, असे धरा. मधोमध असाल तर तीर गाठायला पाच मिनिटे लागतील आणि तेवढ्यात पाणी तुम्हांस ३०० मीटर खाली नेईल. पाच मिनिटे, लुगडे पायांत गुंडाळलेले असताना. ओले कपडे पाण्यात असेपर्यंत जड होत नाहीत, कारण पाण्यात पाण्याला वजन भासत नाही. पण ते पायांची हालचाल अडवतात, ते खरे संकट. उलट पालथी लाकडी नाव शेजारीच तरंगत असते. तिला धरून राहावे. सर्वांनी एकाच बाजूने लोंबकळू नये, नाहीतर ती पुन्हा गिरक्या घेते. दोन्ही बाजूंनी किंवा टोकांना धरावे. तीच शोधणाऱ्यांना दुरून दिसते. प्रवाह जोराचा असेल, पुढे खडक वा अडकलेली झाडे असतील, तर पाणी ज्या दिशेने येते त्या टोकाला राहावे, म्हणजे नाव आणि खडक यांमध्ये माणूस चिरडत नाही. नाव हातची गेलीच, तर उताणे होऊन पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत. वेगाच्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. दगडांच्या फटीत पाऊल अडकले की पाणी माणसाला तोंडावर पाडते.

नदी आपल्या डोक्यावरच्या आभाळाकडे पाहून वाढत नाही, हेही या जिल्ह्यांनी अनुभवले आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला आणि भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडे वैनगंगेला महापूर आला. विसर्गाची सूचना निघाली असेल त्या दिवशी घाटावर ऊन पडलेले असले तरी डोंगा सोडू नये.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर गरगर फिरवणे, पालथे घालून पोट दाबणे असले प्रकार अजून होतात. त्यांत मोलाची मिनिटे जातात. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उताणे निजवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा जोराने दाबावे, पुन्हा दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवावे. दुसऱ्या कोणीतरी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भ्रमणध्वनी कोरडा असेल तरच हे शक्य. तेव्हा निघताना तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला बरा.

आता एक प्रयोग. सुमारे १५ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि निदान ८ सेंटिमीटर खोल असा आयताकृती प्लास्टिकचा डबा घ्या. वाणसामानाच्या दुकानातले अर्ध्या किलोचे वजन त्याच्या तळाशी मधोमध ठेवा, घसरू नये म्हणून दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने पक्के करा आणि डबा बादलीत तरंगत सोडा. बोटाने कलवून पाहा, तो सावरेल. मग वजनाखाली एक सेंटिमीटर जाडीचे थर्मोकोलचे तुकडे एकेक करून घाला आणि दर वेळी डबा कलवा. साधारण तिसऱ्या तुकड्याला तो उलटेल. डबा किती खोल बुडाला ते मोजून वरच्या रीतीने तोलबिंदू काढा. तुमच्या मोजमापात आणि गणितात थोडा फरक पडेल. तो कशामुळे पडला, याचा वर्गात शोध घ्या.