कानाजवळ नेताच फोनचा पडदा का विझतो?

गेल्या पावसाळ्यात तळेघर परिसरातील एक पालक आपल्या मुलीला भेटण्यासाठी वसतिगृहात आले होते. फोन लावला की त्यांच्या मोबाइलचा पडदा काळा होई आणि कानापासून दूर नेला तरी उजळत नसे. शिष्यवृत्तीच्या चौकशीसाठी फोन केला, तर पलीकडून ‘1 दाबा’ अशी सूचना येई. पण दाबणार कुठे? एका दुकानदाराने नवा डिस्प्ले बसवण्याचा सल्ला दिला होता. तो खर्च त्यांच्या अनेक दिवसांच्या मजुरीइतका होता.

दोष डिस्प्लेचा नव्हता. फोनच्या वरच्या कडेला, आवाज येतो त्या जागेजवळ, सामीप्य-संवेदक म्हणजेच प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. त्यातील सूक्ष्म दिवा अवरक्त किरण सोडतो आणि शेजारचा प्रकाशग्राहक परत येणारे किरण मोजतो. हा प्रकाश आपणांस दिसत नाही. 1800 साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला. तेथेही उष्णता आढळली आणि अवरक्त किरणांचा शोध लागला.

गाल काही सेंटिमीटरवर आला की त्यावरून अधिक किरण परततात. त्यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की फोन पडदा विझवतो आणि स्पर्शही स्वीकारत नाही. त्यामुळे गालाच्या स्पर्शाने बोलणे तुटत नाही आणि बॅटरीही वाचते.

मात्र संवेदकाला कान ओळखता येत नाही. परतलेला प्रकाश तेवढा कळतो. म्हणून साचलेली धूळ, पाण्याचा थेंब, त्याची जागा झाकणारा स्क्रीन गार्ड किंवा पावसात फोनला गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी यांनाही तो गालच समजतो. उलट, काळे दाट केस किरण शोषून घेतात, तेव्हा पडदा विझतच नाही. काही फोनांत किरणांऐवजी आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपतात. लेण्यांच्या अंधारात वावरणारी कीटकभक्षी वटवाघळेही याच तत्त्वावर वाट काढतात.

आम्ही त्या पालकांचा स्क्रीन गार्ड काढून काच कोरड्या मऊ कापडाने पुसली. पडदा उजळला आणि मुलीने स्वतः 1 दाबला.

प्रत्येक वेळी इतक्यावर भागेल असे नाही. संवेदक खरोखर बिघडलेलाही असू शकतो. परंतु कारण शोधल्याविना खर्च करू नये. माजी विद्यार्थ्यांनी ही साधी तपासणी आपापल्या वाडीवस्तीवर अवश्य सांगावी. वर्गात शिकलेले विज्ञान घरच्या चार पैशांचे रक्षण करू लागले, तर त्या शिक्षणाचे चीज झाले असे आम्ही मानू.