जीप उंच करण्याआधी

जुनी जीप दारात उभी राहिली, की सल्ला फुकट मिळू लागतो. दिवे बदला, टायर मोठे घाला आणि सगळ्यात आधी गाडी ‘उचला’! आमच्या आळीतल्या जाणकारांच्या मते माझ्या महिंद्रा जीपला पुढे-मागे एकेक जादा पाटा घातला, की भोरच्या पुढची आमच्या शेताकडची वाट ती हसत चढेल. वाट ती आजही चढते. अडचण वेगळीच होती. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आईने ‘तुझ्या त्या डब्यात मी आता बसायची नाही’ असे सांगून टाकले होते. एका खेपेनंतर तिची कंबर दोन-दोन दिवस धरत असे.

म्हणजे गाडी उंच नव्हे, मऊ करायची होती.

जीप मुळात लढाईसाठी जन्मलेली. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप आपल्याकडे जोडायला घेतली. तिचे दोन्ही अ‍ॅक्सल पोलादी पाट्यांच्या चळतीवर तोललेले. पाट्याचे एक टोक चॅसीला पक्के, दुसरे शॅकलवर झुलते. कारण दबलेला पाटा सरळ होताना लांबतो आणि त्या लांबीला जागा लागते. चळतीतले पाटे एकमेकांवर घसरत असतात. तिथे गंज आणि चिखल बसला, की सगळ्या पाट्यांचा मिळून एकच ठोकळा होतो आणि खड्डा थेट बसणाऱ्याच्या कण्याला कळतो. अशा ठोकळ्यात आणखी एक पाटा घालून काय मिळणार?

उंचीचीही एक गंमत आहे. पाट्यांनी चॅसी आणि बॉडी वर जाते. पण दगडाला आधी लागतो तो अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा, तो होता तिथेच राहतो. तो उचलायला टायरच मोठे हवेत. मग चढावर पहिला गिअरही जड वाटू लागतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात, ते वेगळेच. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगे फेरफार करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि चिरंजीव कामाला लागलो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचे नाही, हा घरचा कायदा. चॅसीखाली लोखंडी घोड्या, उरलेल्या चाकांना दगड. गंजलेल्या यू-बोल्टांवर आदल्या रात्रीच डिझेल सोडले होते. चळत सोडवताना मधला सेंटर बोल्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना शिकंजे आवळावेच लागतात, नाहीतर ताणलेले पाटे उसळून हातावर येतात. तारेच्या ब्रशने घासल्यावर मागच्या चळतीतल्या एका पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडा दिसला. ‘उचलण्या’च्या नादात हा तडा झाकून गेला असता आणि घाटात कुठेतरी बोलला असता. त्याच जाडीचा पाटा मिळवला. पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस, यू-बोल्ट मात्र नवे कोरे; ताणले गेलेले आटे पुन्हा वापरू नयेत. मागचा एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल गाळत होता, त्याची जोडीच बदलली.

एक बारकावा गॅरेजातही पुष्कळदा चुकतो. रबरी बुशांचे बोल्ट चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन पडल्यावरच शेवटचे आवळायचे. अधांतरी आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते.

नवी म्हणावी अशी वस्तू एकच घेतली: बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. कच्च्या वाटेवर टायरमधली थोडी हवा सोडली, की खडी निम्मी बोथट होते. डांबरी लागण्याआधी ती भरून घ्यायची, हे विसरायचे नाही.

आई परवा शेतावर येऊन गेली. ‘अजून बैलगाडीच आहे, पण चांगल्या रस्त्यावरची,’ म्हणाली. तिच्याकडून एवढे पुष्कळ.

तीनशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासले. मागच्या दोन नटांनी पाव-पाव फेरा घेतला.