डोळ्यांतले तेल

'डोळ्यांत तेल घालून जपणे' हा वाक्प्रचार आपण लहानपणापासून ऐकतो. निसर्गाने मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांत खरोखरच तेल घातले आहे. बुबुळावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. त्यात तळाशी श्लेष्मा, मध्ये पाणी आणि वर पापण्यांच्या कडांतील ग्रंथींतून पाझरलेले तेल असते. या तेलामुळेच अश्रू लवकर सुकत नाहीत.

काचबिंदूच्या रोग्याला डोळ्यांतील दाब कमी ठेवण्यासाठी बहुधा आयुष्यभर थेंब घालावे लागतात. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून अशा पुष्कळ औषधांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक द्रव्य मिसळतात. त्याचा जंतुनाशक गुण गेर्हार्ड डोमाक या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये दाखवून दिला. हे द्रव्य साबणाच्या जातीचे. साबणाने हाताचे तेल निघते, तसा याने अश्रूंवरचा तेलाचा थर फुटतो, श्लेष्मा करणाऱ्या पेशी घटतात आणि बुबुळाच्या पृष्ठभागाला इजा होते. प्रमाण अत्यल्प, साधारणतः ०.००४ ते ०.०२ टक्के. परंतु एका डोळ्यात तीन औषधे दिवसातून दोनदा घातली, तर वर्षाला २,१९० थेंब होतात! 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण येथे वाईट अर्थाने खरी ठरते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे दुखणे लवकर ध्यानात येत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. शिवाय कोळशाची धूळ, धानाच्या मळणीचा भुसा, चुलीचा धूर आहेच. डोळे चुरचुरले की दोष त्यांच्यावर जातो. 'झोंबते तेच खरे औषध' असेही मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. याउलट काही जण आग सोसवत नाही म्हणून थेंबच बंद करतात. हे तर अधिक घातक. कारण काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि बहुधा ती न दुखता जाते.

मग करावे काय? थेंब घातल्यावर क्षणभर झोंबणे वेगळे. दिवसभर आग होणे, खुपणे, लाली राहणे वेगळे. असे झाल्यास औषध मनाने न सोडता डॉक्टरांना सांगावे. दोन औषधे एकत्र असलेली बाटली, संरक्षक द्रव्य नसलेले थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रिया असे मार्ग त्यांच्यापाशी असतात. संरक्षकविरहित थेंब बहुधा महाग पडतात. म्हणून खर्चाची अडचणही मोकळेपणाने बोलावी. तपासणीला जाताना घरातल्या सर्व बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात.

सुटीत गावी गेल्यावर आपण एवढे तरी विचारू शकतो : "आजी, थेंब घातल्यावर डोळा किती वेळ झोंबतो?"